अर्ध्या वाटेवरचं मत

हयात पोहायला शिकवण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. बायको कंपवातानं गेली. दोन वर्षांनी त्याच आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी निघाली आणि तिच्या देखरेख समितीवर मास्तरांना बोलावलं, रुग्णांच्या घरच्यांचा माणूस म्हणून. बाकी सगळे डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ. "हंसांत बगळा," मास्तर स्वतःबद्दल म्हणत.

दर महिन्याला पाठीच्या कण्यात सुई. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त या समितीला दिसायचं, तेही अर्ध्या वाटेवर एकदा.

त्या दुपारी पडदे ओढलेले होते. भिंतीवर दोन गटांच्या तब्येतीच्या दोन रेषा, एकमेकींना बिलगून हलके हलके उतरत चाललेल्या. त्या निळसर उजेडात मास्तरांना वाटलं, आपण पाण्याच्या तळाशी बसून वर पाहतोय. वर कुठेतरी बायकोचा थरथरता हात कपाचा कान शोधत होता. आवाज दुरून येत होते.

आकडेवाली मुलगी सांगत होती, की असंच चाललं तर शेवटी फरक दिसण्याची शक्यता शंभरात सहा. इथून पुढे औषधानं अगदी मनासारखा गुण दिला, तरी तीस. चाचणीआधी ठरवलेला नियम थांबा म्हणतो, पण तो सल्ला आहे, हुकूम नाही.

तीस म्हणजे शून्य नव्हे, मास्तरांच्या मनात आलं. हात अजून कप शोधतच होता.

"म्हणजे औषध लागू पडत नाही?" त्यांनी विचारलं.

"तसं सिद्ध झालेलं नाही. पुढे गेलो तरी उत्तर हाती लागेलसं दिसत नाही, एवढंच."

"अजून किती सुया राहिल्यात?"

तिनं हिशेब केला. "चार हजारांच्या वर."

मास्तरांनी भिंतीवरच्या त्या दोन रेषा पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाले, "थांबू या."

बाकीच्यांचंही तेच मत पडलं.

बातमी जाहीर होईपर्यंत घरी चकार शब्द काढायचा नव्हता. तीन आठवडे मास्तर पाण्याखालून चालल्यासारखे वावरले. मग एका सकाळी भांडी घासता घासता लेक म्हणाली, "बाबा, आईच्या आजारावरचं ते औषध फसलं म्हणे."

"फसलं की नाही, कुणालाच कळलं नाही," ते म्हणाले आणि त्या दुपारचं सगळं सांगून टाकलं, हातासकट.

लेकीनं नळ बंद केला, त्यांच्याशेजारी येऊन बसली. आई काय म्हणाली असती, तिनं विचारलं.

"ती? ती तर सुई बघूनच पळायची," मास्तर म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी दोघं हसली.