सुटी रीप

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू पुरती ठोकली नाही. भोरच्या कचेरीतून सुटले की ते वखारीत जाऊन रिपा आणायचे. रीप म्हणजे कौलांखाली ठोकतात ती लांब, बारीक लाकडी पट्टी. कचेरीच्या कामाने गेले की गुंजवण्याहून एसटीने येतानाही काखेत एखादी असायचीच. त्या रिपांतून त्यांनी मांडणी केली, खिडकीची जाळी केली, मामींची खाट केली. पण प्रत्येक वस्तूत एक रीप खिळा न मारता नुसती खाचेत सरकवलेली. "पावसाळ्यात लाकूड फुगतं. त्याला हलायला जागा नको?" मामी म्हणायच्या, "खाट माझी, आणि हलायला जागा लाकडाला!"

सोप्यातल्या बाकाला अशा सोळा आडव्या रिपा होत्या. त्यातल्या कुठल्या रिपेवर बसायचं नाही ते घरच्यांना ठाऊक होतं. मामांच्या मुलीला, आमच्या ताईला, बघायला कामथडीचे पाहुणे आले तेव्हा त्यांना मात्र सांगायचं राहिलं. याआधी दोन ठिकाणी तिचं जमता जमता मोडलं होतं, त्यामुळे सकाळपासून घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मुलाचे वडील चांगले भारदस्त. ते नेमके सुट्या रिपेवर बसले, मागे रेलले, आणि धोतराचा सोगा फटीत जाऊन घट्ट अडकला. त्यांना कळलं नाही. मामांना दिसलं, मला दिसलं.

"मुलगी येईस्तवर परडं बघू की," म्हणत पाहुणे उठू लागले. उठले असते तर धोतर बाकापाशीच राहिलं असतं.

"बसा!" मामा ओरडलेच.

"का वो?"

"परड्यात काही नाही."

"काई न्हाई तर बघू द्या की. लपवायचं काय हाय?"

आवाज चढला. मामा घाईने शेजारी बसले आणि त्यांनी पाहुण्यांचा गुडघाच दाबून धरला. "ह्ये काय चाललंय?" पाहुणे लाल झाले. मी मनात म्हटलं, हेही गेलं.

तेवढ्यात ताई पोहे घेऊन आली. तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बाकाकडे. पोहे माझ्या हातात दिले, पाहुण्यांच्या पाया पडली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "मामंजी, जरा डावीकडं कलता?"

मामंजी! पसंतीआधीच सासरा! पाहुणे एवढे चकित झाले की खरोखरच कलले. ताईने रीप ओढून घेतली. त्यांनी चुरगळलेला सोगा पाहिला, तिच्या हातातली रीप पाहिली.

"म्या अजून पसंत म्हनलं न्हाई, तर मामंजी व्हय?" ते म्हणाले. मग सोगा झटकला. "आता म्हनायला राह्यलंय तरी काय! चारचौघांत लाज राखली पोरीनं."

तो शब्द तोंडून निसटला की मुद्दाम म्हटला, ते ताईने कधी सांगितलं नाही. पाठवणीच्या वेळी मामांनी तीच रीप तिच्या हातात दिली. "राहू दे. नवं घर आहे, हलायला थोडी जागा लागेल," म्हणाले, आणि तोंड फिरवून उगाच बाकाचे खिळे चाचपत बसले.

मामा गेले. बाक आता माझ्याकडे आहे. रिपा पंधरा. रंगारी दर खेपेला विचारतो, "इथं एक नवी ठोकून घ्यायची का?" मी नको म्हणतो. तिथली कामथडीला आहे.