केळवणाच्या सकाळी मी गाडी उघडली

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाने माझ्या शर्टावर चहा उडवला होता. आणि मध्येच ‘अरे, पण तुला कळलं कसं नाही?’ असं विचारू नका. तो प्रश्न माझ्या बायकोचा विचारून झालाय, बहिणीचा झालाय, आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या वॉचमनचासुद्धा झालाय. उत्तर कोणालाच मिळालेलं नाही.

झालं असं, की मी मोटरसायकल घेतली. या वयात. ऑफिस पवईला, रोज रिक्षावाल्यांच्या विनवण्या कोण करणार, असं वर्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, पटवून पटवून घेतली. गाडी चांगली होती हो. पण गांधीनगरच्या पुलाच्या चढावर ऑफिसातली शिकाऊ पोरगी स्कूटरवरून मला मागे टाकून गेली. वर ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणून गेली. हे लागतं की नाही मनाला?

मग मी मोबाइलवर शोधायला लागलो. उलटी टोपी घातलेला एक मुलगा एका व्हिडिओत सांगत होता, की कंपन्या सरकारच्या प्रदूषणाच्या नियमांसाठी गाडीचा गळा दाबून ठेवतात. टाकीतलं पेट्रोल तापलं की त्याची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून टाकीतून एक नळी निघून एका काळ्या डब्यात जाते. डब्यात कोळसा. तो कोळसा वाफ पिऊन घेतो. हा डबा म्हणजे कॅनिस्टर. ‘हा काढा घरच्या घरी, आणि मग बघा गाडी कशी उडते.’

आता मी काही इंजिनिअर नाही. मी विम्याचे क्लेम तपासतो. म्हणजे लोकांनी केलेले असले उद्योग वाचून ‘काय मूर्ख माणूस आहे’ असं म्हणण्याचा मला पगार मिळतो. तरीही मला ते पटलं.

त्यात घरी केळवण होतं. माझ्या ताईची मुलगी सायली, तिचं लग्न ठरलेलं. मी तिचा एकुलता एक मामा. वर्षाने मोठ्या हौसेने जोडीलाच बोलावलं होतं, आणि वर ताईला नि सायलीच्या होणाऱ्या सासूबाईंनाही. त्या आमच्या घरी पहिल्यांदाच येणार. होणारा जावई ओंकार पक्का बाइकवाला, लडाखला वगैरे जाऊन आलेला. माझ्या डोक्यात एकच, की या मंडळींवर मामाची छाप पडली पाहिजे. जेवण झालं की ओंकारला मागे बसवायचं, ऐरोलीच्या पुलावर एक चक्कर मारायची, आणि त्याने म्हणायचं, ‘मामा, काय पळते हो गाडी.’

सकाळी वर्षा पुरणात गुंतली होती. मी दोनदा मध्ये लुडबुडलो, तर म्हणाली, “नितीन, पाहुणे येईपर्यंत तू मला या घरात दिसू नकोस.”

“गाडी पुसून येतो,” म्हटलं. पान्हे खिशात घालून खाली पार्किंगमध्ये गेलो.

आणि हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मला सर्दी होती. साधी नाही, नाक पार बंद. आल्याचा चहा आणि नुसतं गरम पाणी यातला फरक मला चवीवरून कळत नव्हता.

डबा निघाला बरं का. खरचटलं, दोन शिव्या गेल्या, पण निघाला. नळी ओढताना टाकीतलं थोडं पेट्रोल माझ्या पँटवर सांडलं. टाकी आदल्या दिवशीच काठोकाठ भरलेली. मी पँट रुमालाने पुसली आणि रुमाल खिशात कोंबला. उघड्या नळीचं तोंड बंद कसं करायचं, ते व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होतं. तो लावणार, इतक्यात गेटवर सायलीची हाक आली, “मामा, आलो रे आम्ही!”

आता डबा कुठे ठेवायचा? वर नेऊन कपाटात ठेवला तर वर्षा विचारणार. खाली ठेवला तर वॉचमन भंगारात देणार. म्हणून मी तो एका कापडी पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि पाहुण्यांच्या पाया पडायला पुढे झालो.

सासूबाई किती साध्या, किती गोड बोलणाऱ्या. पण मी वाकलो तशा त्या एक पाऊल मागे सरकल्या. म्हटलं, संकोच वाटला असेल.

वर गेलो. ताटं मांडून झालेली, रांगोळी काढलेली, तेल तापत ठेवलेलं, फक्त पुऱ्या तळायच्या बाकी. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि वर्षाने हुंगून पाहिलं.

“नितीन, कसला वास येतोय? गॅस आहे का रे?”

“मला काहीच येत नाहीये. नाक बंद आहे.”

“मग माझं ऐक. येतोय.”

तिने तेलाखालची शेगडी लगेच बंद केली. मी बाल्कनीची दारं उघडायला गेलो. आतून आवाज आला, “आता कमी झाला.” मी परत आत आलो. “परत आला.” मी पुन्हा बाल्कनीत. “गेला.”

यावरून मी निष्कर्ष काय काढावा? की गळती थांबून थांबून होते आहे. आणि ही जास्त धोकादायक, असंही मी सासूबाईंना समजावून सांगितलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे गॅस गळतोय म्हटल्यावर हात बांधून बसून चालणार नव्हतं. शिवाय होणाऱ्या व्याह्यांसमोर नेतृत्व दाखवायची याहून चांगली संधी कुठली? “तुम्ही घाबरू नका, मी बघतो,” असं म्हणून मी पिशवी सावरत जिन्याने निघालो.

पहिले गाठले आमचे चेअरमन, परब काका. मूळचे मालवणचे, रविवारी मटण म्हणजे मटण. दार उघडलं, मी आत गेलो, आणि काकांनी नाक चोळलं.

“अरे, ह्यो वास खयसून इलो? आतापर्यंत तर नाय होतो.”

“काका, तुमच्याकडेही आहे म्हणजे. बघा, मी म्हणत होतो.”

“मेल्या, तू इलंस आणि वास इलो.”

बघा, माणूस तोंडावर सांगत होता. पण मी सेक्रेटरी. म्हटलं, काका, बोलण्यात वेळ नको, आधी शेगडी बंद. काकांचं मटण अर्धं शिजलेलं, त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की सांगायची सोय नाही.

मग वरचा मजला, त्याच्या वरचा. प्रत्येक ठिकाणी तेच. आधी लोक म्हणायचे, “नाही बुवा, आमच्याकडे काही वास नाही.” मी म्हणायचो, “असं कसं, मला बघू दे.” मी ओट्याजवळ जाऊन वाकून पाहायचो, आणि मागून घरातली बाई म्हणायची, “हो हो, येतोय की!” ज्या घरात मी जात होतो ते घर गळत होतं. एका निवृत्त शिक्षिका बाईंनी तर देवापुढचं निरांजन फुंकून विझवलं आणि माझे आभार मानले. मला आतून इतकं बरं वाटलं की विचारू नका.

सगळी बिल्डिंग गळतेय म्हटल्यावर मी बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. गॅसवाल्यांना फोन केला. लिफ्ट नको, बटणं दाबू नका, सगळ्यांनी जिन्याने खाली या, असं प्रत्येक मजल्यावर ओरडलो. रविवार दुपार. कोणाची कणीक हाताला, कोणाच्या अंगावर नुसता टॉवेल. सासूबाई नव्या पैठणीत कंपाउंडच्या कठड्यावर बसल्या, शेजारी सायली, आणि सायलीच्या मांडीवर श्रीखंडाचं पातेलं, कारण वर्षाने ते वर सोडायला ठाम नकार दिला होता.

वर्षा माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. “पहिल्यांदा आल्यात रे त्या आपल्या घरी,” एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, “इथेपण येतोय वास,” आणि सायलीजवळ जाऊन उभी राहिली.

गॅसवाला आला. त्याच्या हातात वास पकडायचं छोटं यंत्र. तो मजल्यामजल्यावर फिरून खाली आला.

“सेक्रेटरी कोण?”

“मी,” म्हणत पुढे झालो. सगळी सोसायटी बघत होती, सासूबाई बघत होत्या.

“साहेब, वर कुठेच काय नाय,” तो म्हणाला, आणि त्याच्या हातातलं यंत्र किंचाळायला लागलं.

त्याने यंत्राकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. “साहेब, जरा मागे सरा.” मी सरलो. यंत्र गप्प. “आता या.” आलो. यंत्र सुरू. “परत जा.” गेलो. पुन्हा गप्प. मग तो यंत्र माझ्या पँटवरून फिरवत पिशवीपाशी आला, आणि तिथे ते असं काही ओरडलं की कठड्यावरचं मांजर पळालं.

परब काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “लीक बिल्डिंगीत नाय रे. लीक सेक्रेटरीत आसा.”

पिशवीत काय आहे हे मला सगळ्यांसमोर काढून दाखवावं लागलं. मी काळा डबा वर धरला.

“हे काय असतं?” सासूबाईंनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत ओंकार म्हणाला, “आई, हा मोटरसायकलचा भाग आहे. पेट्रोलची वाफ बाहेर पडून वास येऊ नये म्हणून लावतात.”

“अच्छा,” सासूबाई म्हणाल्या. “मग तो मामांच्या पिशवीत का आहे?”

आता काय सांगू तुम्ही सांगा. मी म्हटलं, “हा काढला की गाडी जोरात पळते.”

“पळाली का?” हे वर्षाने विचारलं.

“अजून चालवून नाही बघितली.”

तेवढ्यात ओंकार पार्किंगमध्ये धावला. गाडी उन्हाच्या पट्ट्यात उभी, टाकी तापलेली, आणि त्या उघड्या नळीतून पेट्रोल फरशीवर ठिबकत होतं. गॅसवाल्याने वाळूची बादली ओतली. शेजारीच विजेच्या मीटरची खोली आहे आमची. तेव्हा मात्र मी पार घाबरलो, खोटं कशाला बोलू. विनाकारण सगळ्यांना खाली आणलं असं मला वाटत होतं, तर खालीच खरी आग लागू शकत होती, आणि ती मी लावून ठेवली होती.

पुढचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. माझ्या भाचीचं केळवण. आणि तिचा होणारा नवरा, नव्या कोऱ्या रेशमी कुर्त्यात, माझ्या गाडीखाली आडवा झोपून तो डबा परत बसवतोय. मी शेजारी उभा राहून पान्हा द्यायला गेलो, तर तो अदबीने म्हणाला, “मामा, तुम्ही जरा लांब थांबता का?”

वर्षा ताईला म्हणाली, “जावयाला केळवणाला बोलावून गाडीखाली झोपवला. आपल्या घराण्यात हेच राहिलं होतं.” ताईने माझ्या अंगावर साबणाची वडी टाकली.

मी दोनदा अंघोळ केली. पँट वॉचमननेसुद्धा घेतली नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पुऱ्या तळल्या गेल्या, ओंकारच्या कुर्त्यावर काळे डाग तसेच. वर्षाने दोघांना ओवाळलं, पण निरांजन लावताना मला बाल्कनीत उभं केलं. जेवलोही तिथेच. सासूबाई सगळ्यांशी हसून बोलल्या, पुरणाचं कौतुक केलं, निघताना मला लांबूनच नमस्कार केला. परब काका मात्र अजून माझ्याशी मटणाच्या विषयावर बोलत नाहीत.

मी मनात म्हटलं, चांगली माणसं आहेत, विसरतील. लग्नाच्या घाईत कोणाला आठवतंय?

लग्न ठाण्याच्या हॉलमध्ये झालं. मी नवा सदरा घातला, सर्दी नव्हती, अत्तर लावलं होतं. गुरुजींनी माइकवर पुकारलं, “मामा, मुलीला घेऊन या.” सायलीचा हात धरून मी तिला स्टेजवरच्या मांडवात आणली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. अक्षता पडल्या, हार घातले, सगळे रडले, मीही रडलो. आणि सायलीच्या पाठीशी तसाच उभा राहिलो. तिने हळूच मागे हात करून माझं बोट धरलं होतं, मग कसा हलणार मी? म्हटलं, पडली बाबा एकदाची छाप.

गुरुजी होमाची तयारी करायला बसले. समिधा रचल्या, तुपाची वाटी पुढे ओढली, काडेपेटी उघडली. इतक्यात सासूबाई लगबगीने पुढे आल्या आणि गुरुजींच्या कानाशी वाकून अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, जरा थांबता का? मामा खाली उतरले की मग पेटवा.”

गुरुजींच्या गळ्यातला माइक चालू होता.