भैय्यालालचा नाकतोडा

रविवार, २४ ऑगस्ट २०२५, साकोली. ढग आहेत, पाऊस नाही. दुर्गाबाईने पोळ्याच्या उरलेल्या करंज्या आणून दिल्या. नागपूरची रुचिका दुपारी मोटारसायकल न्यायला येणार. भैय्यालालने काल संध्याकाळी ती हिरवी रंगवली.

सकाळी एवढंच लिहिलं. आता बाकीचं लिहिते.

माझे यजमान जनावरांचे डॉक्टर; भैय्यालाल त्यांच्या हाताखाली, दवाखान्यात परिचर होता. तेव्हा एका दुग्ध प्रकल्पाकडून दवाखान्याला एक परदेशी मोटारसायकल मिळाली. इंजिन लहान, चाकं उंच, टायरला जाड खाचा, सायलेन्सर वर खोचलेला. रंग पिवळा. जंगलवाटांसाठीच केलेली गाडी. पाठीमागे लशीची बर्फपेटी बांधून भैय्यालाल नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या गावांत जायचा. बैलगाडीची वाट संपली की धानाच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, उड्या घेत. पोरांनी गाडीचं नाव नाकतोडा ठेवलं. डॉक्टर त्याला विचारायचे, "वाटेत अस्वल भेटलं तर काय कराल?" तो म्हणायचा, "भेटते ना साहेब. तेच बाजूले होते. त्यालेई समजत नाई, हे काय येऊन राहिलं."

प्रकल्प बंद झाला, गाड्यांचा लिलाव झाला. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून नाकतोड्याकडे कोणी फिरकलं नाही. भैय्यालालने तो घेतला. त्याच्या घरी जागा नव्हती, म्हणून गाडी आमच्या पडवीत आली आणि इथेच राहिली. सेवेतून निवृत्त झाल्यावरही जनावरांत फऱ्या रोगाची साथ आली की लोक त्यालाच बोलवायचे, आणि तो जायचा.

आता त्याचा गुडघा वाकत नाही. किक बसत नाही. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला, आणि त्याचा मुलगा म्हणतो, देऊन टाका. भैय्यालाल मला एवढंच म्हणाला, "बाई, कापू नका देऊ तिले."

म्हणून मी ओळखीतून जुन्या गाड्या जमवणारी रुचिका शोधली, तिला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन आला. रविवारी टेम्पो घेऊन येते म्हणाली.

भैय्यालाल गावातल्या बैलांची शिंगं रंगवतो. हात चांगला आहे, लोक लांबून बैल घेऊन येतात. परवाच्या पोळ्याचा हिरवा रंग उरला होता. त्याने पोळ्याच्याच रात्री आधी पुढच्या मडगार्डावर लावून पाहिला, तो पसंत पडला, आणि काल सगळी गाडी. मी पडवीत गेले तेव्हा तो ब्रश पुसत होता.

"कशी दिसून राहिली, बाई?"

दुर्गाबाई, त्याची बायको, उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "पोरगी पाहाले येऊन राहिले ना. आता हळद लावाची तेवढी राहिली."

"बाजारात बैल नेतो तं धुऊन, शिंग रंगवून नेतो का नाई?" तो म्हणाला.

रुचिका आली. तिशीची असेल, हाताला ग्रीसचे डाग. पडवीच्या दारातच थांबली.

"काका, फोटोत पिवळी होती."

"होती. आता नवी झाली."

ती टाकीजवळ वाकली. "इथे पांढरी अक्षरं होती ना? दुग्ध प्रकल्प, सात नंबर?"

"पुसट झाले होते ते. तुमी एवढ्या दुरून येणार, मी मळका माल पुढे करू का?"

रुचिका सरळ उभी राहिली. मग सांभाळून म्हणाली, "काका, रंगवलेल्या गाड्या मला नागपुरातच मिळतात. कुठल्या कामाला होती ते अंगावर लिहिलेली मिळत नाही. मी त्यासाठी आले होते. आता मी नाही नेणार."

भैय्यालालने ब्रश उचलला, पुन्हा ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "मले वाटलं, पावन्याचा मान राखावा," एवढंच बोलला.

रुचिकाने टाकीवरून बोट फिरवलं होतं. ते हिरवं झालेलं दुर्गाबाईनेच पाहिलं.

"अवो, रंग ओलाच हाय."

हवा इतकी दमट की रंग रात्रभरात वाळला नव्हता. भैय्यालालने गाडीतलंच पेट्रोल काढलं. मी एक जुनं सुती पातळ फाडलं. गाडी दारातल्या पायऱ्यांशी आणून आम्ही चौघं पायऱ्यांवर बसलो. रुचिकाने दाखवलं, घासायचं नाही, टिपायचं. भैय्यालालच्या हाताला घाई होती, तर दुर्गाबाई म्हणाली, "हळू. घाई केली म्हणून तं हे झालं." हिरव्याखालून आधी पिवळा आला, मग पांढरा 'प्र'. सगळी अक्षरं दिसायला जेवणाची वेळ टळून गेली. मडगार्डाचा रंग मात्र आधीच वाळला होता, तो निघाला नाही.

"मंग? नेता का ठेवता?" त्याने विचारलं.

रुचिका मडगार्डाकडे बघत राहिली. "नेते. याच्याखालचं गेलं ते गेलं."

"उभी नका ठेवजा. महिन्यातून एकदा सुरू कराजा."

"करीन."

"डांबरी सडकेवर तिले आवडत नाई."

टेम्पोला फळी लावली. ड्रायव्हर पुढे झाला, पण भैय्यालालने त्याला हात लावू दिला नाही. लंगडत स्वतःच गाडी चढवली. रुचिकाने किल्ली मागितली. त्याने किल्ली दिली, पण तिची काळी दोरी आधी सोडून घेतली. इकडे बैल विकला तरी दावं देत नाहीत, घरी ठेवतात. रुचिकाला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तिने किल्ली खिशात टाकली.

टेम्पो महामार्गाकडे वळेपर्यंत तो फाटकाशी उभा होता. मग आत येऊन म्हणाला, "बाई, आता चहा करा." दुर्गाबाईने दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली पाहिली. एरवी बोलली असती.

आजची शेवटची नोंद: पायऱ्यांवर पेट्रोलचा वास आहे, म्हणून तिथल्या तुळशीपुढचा दिवा आज आत देवघरात लावला.