घास उतरेपर्यंत

एकवीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर सात मिनिटांत जेवायचा. डेपोत जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यातली चार हात धुण्याच्या रांगेत जायची, चार टायर बघण्यात, उरलेल्या सातात डबा फस्त. बरं, ही झाली कामावरची गोष्ट. पण हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी घरीसुद्धा गाडी सुटायला आल्यासारखा जेवायचा, आणि बापाचं बघून लेकही तशीच. बायको आपलं ताट वाढून घेऊन येईपर्यंत दोघं उठलेली असायची. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, बायकोलाही नाही.

मग बायकोच्या अन्ननलिकेत कॅन्सर निघाला.

बापलेकीने कंबर कसली. लेकीने मोबाइलवर वाचून साखर, लोणी, तळण सगळं घरातून हद्दपार केलं आणि कच्च्या पाल्याचे हिरवेगार रस सुरू केले. तिघंही नाक दाबून ते प्यायची. आपण काहीतरी थोर करतोय म्हणून बापलेक खूश होती, आणि तीन आठवड्यांत बायकोचं वजन चार किलोंनी उतरलं.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दोघांची चांगलीच हजेरी घेतली. वजन बेचाळीसच्या खाली गेलं तर औषधाचा पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि काटा बेचाळीसला टेकलाच होता. लोणी, अंडी, दाट दूध, सगळं मऊ करून, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा द्या, असं बाईंनी लिहून दिलं.

"आणि एकटीला जेवायला बसवू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटीभर खायला तास लागेल. तुम्ही तासभर बसायचं."

ड्रायव्हरने साठलेली सगळी रजा टाकली आणि बसला. लेकीने भोपळ्याचं सूप केलं होतं, त्यात लोणी आणि फेटलेलं अंडं. बायकोने पहिला चमचा तोंडात घेतला, मान पुढे काढली आणि गिळलं. गळ्याची शीर तट्ट फुगली. मग दुसरा चमचा, मग तिसरा. त्याची वाटी केव्हाच रिकामी झाली होती. तो नुसता तिच्याकडे बघत होता. वाटीत चाळीस घास निघाले. चाळीसही तिने हूं की चूं न करता उतरवले. सव्वीस वर्षं संसार केला, पण या बाईत एवढी ताकद आहे याचा त्याला पत्ता नव्हता. एखाद्या फार मोठ्या माणसासमोर बसल्यावर होतं तसं त्याला अवघडल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "कसं झालंय हो? मला सगळं ओल्या कागदासारखं लागतंय."

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे कसं?"

इथे आमच्या ड्रायव्हरची गाडी अडली. जन्मभर घास पोटात ढकलले, जिभेवर थांबवलाय कुणी? त्याने पुन्हा वाटी भरून घेतली, चमचाभर सूप तोंडात धरून ठेवलं आणि चाचरत सांगितलं, की आधी गोड लागतं, मग मागून मिरी येते, लोणी टाळूला चिकटून राहतं. सांगता सांगता तो स्वतःच थक्क झाला. एका भोपळ्यात एवढं काय काय असतं, आणि छप्पन्न वर्षांत त्याला त्याचा गंधही नव्हता.

मग रोजचंच झालं. दूध किंचित लागलंय की नाही यावरून बापलेकीचा अर्धा अर्धा तास वाद चालायचा. त्यात बायकोची वाटी कधी संपायची ते कळायचंही नाही.

महिन्याने वजन केलं. बेचाळीस किलो सातशे ग्रॅम. डोस मिळाला, आणि ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर बसून हमसून हमसून रडला. आपण सांगतो म्हणून तिला चव कळायला लागली, अशी त्याची खात्रीच झाली होती. त्या दुपारी जेवताना त्याने तिला तसं विचारलंही.

ती हसली. "चव कुठली यायला? प्रत्येक घासाला आग होते. पण तुम्ही डोळे मिटून चव शोधत बसता ना, तेव्हा माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. कसंही वेडंवाकडं झालं तरी चालतं. तेवढ्यात मी गिळून घेते."

त्याने चमचा भरून तोंडात घेतला, डोळे घट्ट मिटले, आणि तिचा चमचा पुन्हा वाटीला लागल्याचा आवाज येईपर्यंत उघडले नाहीत.