मागे उभा राहिलेला मामा

महाडच्या बाजारपेठेत गंगाधर फणसेचा फोटो स्टुडिओ आहे, आणि आत येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याविषयी त्याचं मत वाईट आहे. पासपोर्टसाठी येणारे श्वास कोंडून बसतात. साखरपुड्याचे मोबाइलमध्ये परक्याचा फोटो दाखवून ‘सेम असाच’ म्हणतात. लग्नाआधी आंबेनळी घाटात एकमेकांमागे धावत फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांना तो सरळ सांगतो, “धावायची सवय मोडू नका, पुढे लागेल.” तीस वर्षं त्यानं महाड-पोलादपूरची लग्नं टिपली. त्यातलं एकही त्याला आवडलं नाही.

सगळ्यात जास्त तुच्छता त्यानं झूम लेन्ससाठी राखून ठेवली होती. जागचं न हलता लांबचं जवळ आणणारी ती नळी म्हणजे त्याच्या लेखी आळशाची काठी. “माणसाकडे चालत जायला देवानं पाय दिलेत की नाही?” तो विचारी. स्वतः वापरी त्या एकाच मापाच्या, पुढेमागे न होणाऱ्या प्राइम लेन्स. अशा तीन होत्या. पस्तीस मिलिमीटरची रुंद होती, समोरचं सगळं आत घेई. तिला तो ‘एसटी’ म्हणे, कारण येईल त्याला जागा. पन्नासची डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवी. तिला ‘मास्तरीण’ म्हणे, आणि शाळेत शिकवणारी त्याची बायको अंबिका हे ऐकून न ऐकल्यासारखं करी. तिसरी पंच्याऐंशीची, चेहऱ्यांसाठी. तिला नाव नव्हतं. ती मऊ मलमलीत गुंडाळलेली असे.

“माझ्या शालूला कधी एवढी मलमल मिळाली नाही,” अंबिका म्हणाली होती.

“शालू धारदार नसतो,” गंगाधर म्हणाला.

त्या लेन्सची चटक त्याला पोलादपूरला लागली. नवरात्रात तिथे शक्ती-तुऱ्याचा सामना होता, दोन गायक एकमेकांना गाण्यातून सवाल टाकत होते. भागोजीबुवा गायला उभे राहिले. त्यांच्या मागे मंचभर बॅनर, त्यावर हात जोडलेले बारा पुढारी. गंगाधर चौथ्या रांगेत बसला होता. त्यानं पंच्याऐंशीच्या लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं. ती पूर्ण उघडली की नेम धरला तेवढंच धारदार येतं, त्याच्या हातभर मागे असेल ते विरघळतं. बुवांच्या गळ्याची शीर न् शीर आली, मिशीवरचा घाम आला, आणि बारा पुढारी एका फटक्यात रंगीत धूर झाले. तीस वर्षांत त्याला इतकं समाधान झालं नव्हतं. मागचं सगळं उडवता येतं, हे त्याला कळलं. कुणाला उडवावं आणि कुणाला नाही, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याच्या हिशेबी मागे उभे असतात ते सगळे पुढारीच.

अक्षदाचं लग्न त्यानं फेब्रुवारीत टिपलं. ती दोन वर्षांची असताना आईबाप गेले, आणि कुडपणच्या पठारावर मामा मालोजी आणि मामी राहीबाई यांनी तिला वाढवलं. लग्नात मात्र मुंबईहून चुलता उगवला. भावकीनं कन्यादान त्याला दिलं. नवऱ्याकडच्यांनी मानाचा फेटा आणि नारळही आधी त्यालाच दिला. मालोजीकडे एकच जागा उरली होती, मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे उभं राहायची. ती कुणाला हिसकावता येत नाही, कारण तिथे मामाच लागतो. जुना केशरी फेटा बांधून तो तिथे उभा राहिला, आणि अक्षता पडल्यावर सरळ पंगतीत वाढायला गेला.

गंगाधरनं त्या हॉलकडे एकदा पाहिलं. निळा पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या, वायरी, कुणातरी काकाचं जांभईनं उघडलेलं तोंड. या केरातून एक चेहरा वाचवायचा, असं त्यानं ठरवलं आणि दिवसभर पंच्याऐंशीची लेन्स उतरवली नाही. ‘एसटी’ बॅगेतच राहिली.

अल्बम एप्रिलमध्ये गेला. आठवड्यानं अक्षदा तो उराशी धरून स्टुडिओत आली.

“काका, मामाला तुम्ही पुसलंत?”

“काय पुसलं?”

तिनं पान उघडलं. अंतरपाटासमोर अक्षदा, मुंडावळीचा मोती न् मोती वेगळा. मागे एक केशरी गोळा, त्याखाली मातकट डाग. नाक नाही, डोळे नाहीत.

“याला कला म्हणतात,” गंगाधर म्हणाला. “मामाला सांग.”

“असू दे कला. त्यात मामाचं तोंड कुठाय?”

मग तिनं सगळं सांगितलं. मालोजीनं अल्बम दोनदा पाहिला. त्याच्या मते सासरच्यांनी काँप्युटरवर त्याला मुद्दाम पुसून घेतलं होतं. कन्यादान नेलं, मान नेला, आता फोटोतूनही काढला. अल्बम त्यानं परत दिला आणि म्हणाला, पुसलेल्या माणसाच्या घरी येऊ नको. अक्षदानं फोन केले. तो घेत नाही.

“मग सांग ना, फोटोवाल्याची चूक म्हणून,” गंगाधर फणकारला. त्याच्या मते ती चूक नव्हतीच.

“सांगितलं. म्हणतो, फणसे सगळ्या तालुक्याला नावं ठेवतो, त्याची चूक होईल कशी? सासरच्यांनीच करून घेतलंय.” ती थांबली. “काका, मला दुसरं माहेर नाही.”

गंगाधरनं काँप्युटर उघडला. त्या दिवसाचे अकराशे फोटो तो एकेक करून पुढे सरकवत गेला. केशरी गोळा डावीकडे, केशरी गोळा उजवीकडे, अर्धा केशरी गोळा. एवढ्यात डबा घेऊन अंबिका आली आणि दोघांच्या मागे उभी राहून बघत राहिली.

“अहो, बाकीच्यांना नुसती नावं ठेवता,” ती शेवटी म्हणाली. “या माणसाला तर तोंडसुद्धा ठेवलं नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाधर स्कूटरवरून कुडपणला गेला. वाटभर तो मालोजीला मनातल्या मनात शिव्या देत होता. अडाणी माणूस. भिंगाचा गुण कळत नाही आणि कारस्थान शोधतो. त्या चढाच्या रस्त्यालाही त्यानं शिव्या दिल्या.

मालोजी ओटीवर बसला होता. राहीबाई अंगणाच्या कडेला सुपात नाचणी पाखडत होती.

“या फणसेशेठ,” मालोजी उठला नाही. “पुसायचं काय ऱ्हायलं व्हतं?”

“मालोजीराव, मला कुणी पुसायला सांगितलं नव्हतं. ती लेन्सच तशी आहे. चूक...” हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघेना. “चूक माझी आहे.”

“तुमची? छ्या! तुमच्यावानी मानूस चुकत नाय. सोयऱ्यांनी पाठवलान तुमास्नी.”

तीस वर्षं खपून मिळवलेला लौकिक आता त्याच्याच छातीवर बसला होता. शब्दानं भागणार नाही, हे त्याला दिसलं. त्यानं पंच्याऐंशीची लेन्स चढवली, ती पूर्ण उघडली, राहीबाईवर नेम धरला आणि कॅमेरा मालोजीच्या हातात दिला.

“आता हलू नका.” तो स्वतः जाऊन राहीबाईच्या मागे, हातभर अंतर सोडून, मामा उभा राहतो तसा उभा राहिला. “दाबा ते बटण. आणि सांगा, काय दिसतं?”

बटण वाजलं. मालोजीनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकावलं.

“ही दिसत्येय. चांगली दिसत्येय. तुमी हाव कुठं?”

“इथंच. मामींच्या मागे.”

“नाय. धूर हाय निस्ता.” त्यानं मान वर करून गंगाधरला पाहिलं, पुन्हा पडद्यात पाहिलं. मग तो हसायला लागला. “ये गो, बघ! यंत्रानं फणसेशेठला भूत करून टाकलान!”

राहीबाईनं बघितलं आणि तीही पदर तोंडाला लावून हसली.

“आनि हे आंदळं यंत्र तू पैसे मोजून आनलंस?” मालोजीचा ‘तुम्ही’ संपला होता.

“हो.”

“आनि तुला ठावं व्हतं, की मागचा मानूस जातो?”

गंगाधरला भिंग, उजेड, अंतर यावर अर्धा तास बोलता आलं असतं.

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “वाटलं, मागचं कोण बघतंय.”

मालोजीचं हसणं थांबलं. राहीबाईनं सूप खाली ठेवलं.

“मामा मागंच आसतो रे बाबा,” ती म्हणाली. “त्याला पुढं कोन येऊ देतंय?”

गंगाधरनं बॅगेतून पस्तीसची लेन्स काढली आणि कॅमेऱ्याला लावली. मालोजी न सांगता आत गेला आणि फेटा बांधून बाहेर आला. नवरीची जागा रिकामी दिसायला नको म्हणून राहीबाईला पुढे उभं केलं.

“मी नवरी? आदी दात मोज माजे,” ती म्हणाली, पण पदर सारखा करून उभी राहिली.

लेन्सचं तोंड गंगाधरनं बारीक केलं. आता सगळंच धारदार येणार होतं, पाण्याचं पिंप, वाळत घातलेली नाचणी, डिशची छत्री, दोरीवरची बनियन. केर. त्याचा हात सवयीनं पिंप बाजूला करायला पुढे झाला.

“ऱ्हाऊ दे,” मालोजी करड्या आवाजात म्हणाला. “माजं हाय ते. आनि ती कोंबडी पन यायला पायजे.”

कोंबडी आली. फेट्याची घडी न् घडी आली, आणि फेट्याखाली मालोजी आला, नाकासकट.

फोटो बघून झाल्यावर मालोजीनं मोबाइल काढला आणि नंबर लावला.

“गो अक्षदे! तो फोटोवाला आलाय. त्याला अक्कल नाय गो! समदं त्याचंच, तुज्या सासरच्यांनी काय नाय केलान. कवा येतेस?”

कुडपणचं पठार मोकळं आहे, आवाज कुठेच अडत नाही. शेजारच्या अंगणात दोन डोकी वर झाली. गंगाधर खाली मान घालून पंच्याऐंशीची लेन्स मलमलीत गुंडाळत होता. तो थांबला.

“जरा मोठ्यानं सांगा,” तो म्हणाला. “तिच्या सासूलाही ऐकू जाऊ दे.”