बारका, थोरला आणि गिरजाबाईचा खिळा

फोटो स्टुडिओत बसणाऱ्या बाईला किस्से शोधत जावं लागत नाही. कापूस वेचून घरी आलं की लुगड्याला रुई चिकटलेली असते, तसे ते चिकटतात. कितीही झटका, दोन-चार राहतातच. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण माझ्या मोहनचा संग्रामपूरच्या बाजारात स्टुडिओ आहे आणि त्याच्या बाकावर माझी उभी दुपार जाते. मी सांगते, नात पल्लवी लिहिते. मधेच तिला हसू येतं, तेवढं थांबावं लागतं.

आमच्याकडे कॅमेरे दोन. एक मोहनचा, दहा-बारा वर्षांमागचा, तळहातात मावणारा. त्याला मी बारका म्हणते. दुसरा पल्लवीनं अकोल्याहून शिकून आल्यावर घेतला. तो थोरला. आला मागून पण मान मोठा, नव्या जावयासारखा!

बारका घेतला तेव्हा मोहन आनंदानं सांगत होता, "आई, याच्यात आरसा नाही. जुन्यात आरसा राहे, म्हणून तो जड होता."

मी म्हटलं, "आरसा काढून टाकला? मंग बायकाईचे फोटो कसे काढशील बे?"

*

ऐकायला रोज माझी जाऊ गिरजाबाई येते. दुपारचा चहा तिचा आमच्याकडेच. तिचं दुखणं आधी सांगून ठेवते, कारण पुढं तेच येणार आहे.

गिरजाबाईचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नाही. बारका 'खट' वाजला की हिचे डोळे मिटलेच. पोरीच्या लग्नाच्या अल्बमात ती पानोपानी झोपलेली आहे. तिच्या स्वतःच्या लग्नाचा एकुलता एक फोटो आहे, त्यात सासरे समोर बसलेले, म्हणून हिची नजर जमिनीत. तेव्हाची रीतच तशी होती. मोठी माणसं समोर असली की सुनेनं नवऱ्याकडं मान वर करून पाहायचं नाही. आणि आमचे सासरे ओसरीवर बसले ते नव्वदी गाठेपर्यंत उठले नाहीत.

आमच्याकडे म्हातारी माणसं भिंतीवरचा फोटो जिवंतपणीच काढून घेतात. मागून पोरांची धावपळ नको. माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे गिरजाबाईच्या मालकांचा फोटो बारक्यानंच काढला होता. ते गेल्यावर तेराव्याला पाहुणे पांगले, तशी गिरजाबाईनं हातोडी मागवली आणि त्यांच्या फोटोशेजारी दुसरा खिळा ठोकून घेतला.

सून रडायला लागली. "आत्याबाई, असं काऊन करता?"

"एसटीत रुमाल टाकत नाही का आपण? तशी जागा धरून ठेवली."

तीन वर्षं झाली, खिळा रिकामाच. एकदा मी म्हटलं, लाव की मिटलेल्या डोळ्यांचा. तर म्हणाली, "शेवंते, आपल्या सासूचा फोटोच नाही. तिचं नाक कसं होतं ते आता तुले नं मलेच माहीत. माह्यावाला फोटो राहीन, पण पणतू म्हणतीन, पणजी जलमभर झोपेल होती."



*

बारक्याची तऱ्हा सांगते. त्याला समोरचं माणूस पटकन सापडत नसे. आतलं भिंग पुढं जाई, मागं जाई, पुन्हा पुढं, गोठ्याच्या दारात अडलेल्या म्हशीसारखं. मोहन म्हणे, "श्वास धरा," आणि लोक बिचारे धरत.

एका लग्नात बारक्याला नवरीचा चेहरा काही सापडेना. सापडली ती मुंडावळी. मोती न् मोती मोजून घ्या, आणि मागं नवरी धुक्यात. मोहन घाबरत घाबरत अल्बम घेऊन गेला. नवरीच्या सासूनं चष्मा लावून एकेक पान पाहिलं, अल्बम मिटला आणि म्हणाली, "सून तं रोजच दिसते. मुंडावळी छान आली."

धाकट्या पोराच्या लग्नालाही तिनं मोहनलाच बोलावलं!

*

थोरला आला तेव्हा पल्लवीनं त्याची मागची काच मला दाखवली. मी बाकावर बसलेली दिसत होते आणि माझ्या डोळ्यावर एक बारीक चौकोन. मी मान हलवली, चौकोन हलला. पदर तोंडावर घेतला, चौकोन गेला. पदर काढला, हजर. डोळ्यात डोळा घालून पाहणारं यंत्र मी पहिल्यांदा पाहत होते.

पोळ्याला नामदेवभाऊ आपली जोडी सजवून फोटोला आले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि मधे भाऊ स्वतः, इस्त्रीचं धोतर नेसून. पल्लवीनं कॅमेरा धरला आणि हसू दाबायला लागली.

"काय झालं वं?"

"भाऊ, चौकोन तुमच्यावर येऊनच नाही राह्यला. बैलाच्या डोयावर जाऊन बसला. थांबा, जनावराचं बटन चालू राह्यलं वाटते."

नामदेवभाऊंनी बैलाकडं पाहिलं, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि दोन पावलं बाजूला सरकले. "राहू दे पोरी. आज सण त्याचाच हाय."

*

नाल्याकाठच्या देवीचा गाभारा म्हणजे भरदुपारी अंधार. एक समई, बस. बारक्यानं तिथं जेव्हा जेव्हा फोटो काढला, तेव्हा त्यावर तीळ सांडल्यासारखे ठिपके आले. पल्लवी थोरला घेऊन गेली. दिवा नाही, उजेडाची छत्री नाही, हातातच धरला आणि काढला. मग काचेवर देवीचं तोंड मोठं करून पुजारीकाकांना दाखवलं.

काका बघत राहिले. चष्मा पुसला, परत बघितलं. मग गाभाऱ्यात जाऊन त्यांनी देवीच्या नाकावरून अंगठा फिरवला. तेलाच्या पुटाखाली, दगडातच कोरलेली, गव्हाच्या दाण्याएवढी नथ.

बाहेर येऊन पायरीवर बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्सं मी हिले वरतून नथ घालून राह्यलो. हिले तं जलमाचीच हाय."

त्या दिवशी त्यांनी देवीला हात जोडले आणि वळून थोरल्यालाही जोडले.

गिरजाबाईनं हे ऐकलं, बशीतला चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "देवीचे डोये उघडे आले का?"

*

आमच्या विहिरीवर एक निळा पक्षी येतो, सूर मारून मासा उचलतो. बारक्याच्या काळात मोहननं त्याच्यामागं पूर्ण एक उन्हाळा घालवला. हाती काय लागलं, तर पाण्यावरची वलयं. पक्षी प्रत्येक वेळी निघून गेलेला.

पल्लवीनं पहिल्याच दिवशी आणला. चोचीचं टोक पाण्याला नुकतं टेकतंय, थेंबही अजून उडाला नाही.

मोहन म्हणाला, "तुनं बटन येवढ्या लवकर दाबलं कसं?"

"मी उशिराच दाबलं, बाबा. हा बटन दाबायच्या आधीचंही पाहून ठेवते. थोडंसं मागचं, त्याच्याजवळ राह्यतेच."

न दाबलेल्या बटणाचा फोटो! विचार करता करता मला एकदम ओळख पटली.

"पल्लवी, हा कॅमेरा नाही वं. सासू हाय."

*

एवढं सगळं ऐकल्यावर गिरजाबाईला धीर आला. थोरला वाजत नाही, हे तिला पल्लवीनं समजावलं. "मोठी आजी, 'खट' नाही, काही नाही. तुमाले समजनार पण नाही."

ती नवं लुगडं नेसून, कुंकवाच्या जागी बुक्का लावून स्टुडिओत येऊन बसली. पल्लवीनं कॅमेरा डोळ्याला लावला. एका दमात वीस फोटो. आवाज म्हणून नाही.

वीसच्या वीस, मिटलेले.

"काऊन मिटले मोठी आजी? वाजलं तं नाही."

"वाजलं नाही तं काय झालं? कोनी टक लावून पाह्यलं का मले समजते."

मोहननं बारका काढला, की निदान सवयीचा आहे. त्याच्यातही तेच. गिरजाबाई उठली. पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "राहू दे शेवंते. त्या खियाले कॅलेंडर लावून देतो." ती हसून बोलली, पण त्या दिवशीचा चहा तसाच राहिला.

पल्लवीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थोरला घेऊन गिरजाबाईच्या घरी गेली, मागून मी. गिरजाबाई बाजेच्या कडेला भिंतीला खांदा टेकून बसली होती. वर भासऱ्यांचा फोटो. मी सवयीनं पदर पुढं घेतला.

तो फोटो काढला तो दिवस मला आठवतो. भासरे स्टुडिओबाहेर सरकीच्या पोत्यावर बसलेले, सुपारी चघळत. बारक्याला ते काही केल्या सापडेनात. शेवटी मोहननं यंत्राचा नाद सोडला आणि भिंगाची कडी हातानं हळूहळू फिरवत त्यांचे डोळे धरले. "मोठे बाबा, हालू नका." ते म्हणाले, "मी हालीन. तू बराबर पाह्य." म्हणून त्या फोटोत कान पुसट आहे, फेट्याचं टोक पुसट आहे, पण डोळे असे, की खोलीत कुठंही बसा, तुमच्याकडंच.

पल्लवीनं कॅमेरा वर केला. गिरजाबाईनं डोळे मिटले. पल्लवी थांबली. कॅमेरा थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं. मग हळू आवाजात म्हणाली, "आजी, इकडं ये. पाह्य."

मी काचेत पाहिलं. गिरजाबाई खाली, डोळे मिटून. तिच्यावर चौकोन नव्हता. चौकोन वर होता, भिंतीवर.

"काय झालं वं?" गिरजाबाईनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"मोठी आजी, हा तुमच्याकडं पाहूनच नाही राह्यला."

"मंग कोनाकडं पाहून राह्यला?"

"मोठ्या आजोबाकडं. त्यायच्या डोयावर जाऊन बसला."

गिरजाबाईनं डोळे उघडले. मान वळवली आणि वर पाहिलं. कॅमेरा आहे, पल्लवी आहे, मी आहे, याचं तिला भानच नव्हतं.

"अजून सापडते का त्यायचे डोये?"

पल्लवीनं तेवढ्यात बटण दाबलं. आवाज झाला नाही.

फोटो आठ दिवसांनी चौकटीत बसून आला. मोहननं त्या खिळ्याला लावला आणि आम्ही सगळे मागं सरकून उभे राहिलो. डोळे चांगले टपोरे उघडे. पण ते आमच्याकडं नव्हतेच. शेजारच्या फोटोकडं होते, थोडे वर, नीट त्यांच्याच तोंडावर.

मी म्हटलं, "बाई, सरळ समोर पाह्याचं होतं. लोक म्हनतीन, म्हातारी नवऱ्याकडंच पाहून राह्यली."

गिरजाबाईनं पदरानं काच पुसली.

"पाहू दे. आता समोर कोन बसेल हाय?"