एक बाजू मोकळी ठेवा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीत पंपाचा सुटा भाग घ्यायला थांबलो होतो. पलीकडून अक्का, माझी थोरली बहीण, शांतपणे सांगत होती. "सकाळी रानात जाऊन आलं, चहा घेतला, आणि बसल्या जागी..."

दाजींचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. तिकडे तोडीआधी उभा उसाचा फड पेटवायची सवय पडली आहे. पाला जळतो, तोडणी टोळीचं काम हलकं होतं. काडी चारही बाजूंनी लावतात, म्हणजे आग लवकर आटोपते. आतले ससे, मुंगसं, रानमांजरीची पिल्लं कुठून निघणार, हा प्रश्न दाजींशिवाय कुणाला पडत नसे. आधी ते म्हणत, फड पेटवूच नका. कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी मागणी कमी केली. वारा बघून तीन बाजूंनी पेटवा, एक बाजू मोकळी ठेवा. याला एकरामागं फार तर पाव तास जास्त लागतो, मी स्वतः पाहिलं आहे. पैसा एकही लागत नाही. ज्यात ठेका निघत नाही असं काम कुणी मनावर घेत नाही, हे मला उशिरा कळलं.

निवडणुकीच्या आधी भागातले एक पुढारी गावात आले. त्यांनी दाजींना फेटा बांधला, शाल दिली. "दाजी, तुमचं काम म्हंजे एक नंबर! जाहीरनाम्यातच घेतो बघा."

"जाहीरनाम्यात नको सायेब, कारखान्याच्या तोडीच्या बैठकीत घ्या की."

सगळे हसले. मागून एक कार्यकर्ता म्हणाला, "का वो दाजी, रानमांजरं मतं देत्यात व्हय?"

"देत असती तर तुम्हीच त्यांच्या दारात उभं ऱ्हायला असतासा," दाजी म्हणाले. पुन्हा हशा, फोटो... बैठकीत विषय आलाच नाही. दाजी पुन्हा पुढाऱ्यांकडे गेले. तीच शाल, तेच हसणं. घरी शाली साठल्या, तेव्हा अक्कानं त्या टोळीतल्या बायकांना थंडीला देऊन टाकल्या. त्या मोहिमेतून प्रत्यक्ष उपयोगाची एवढीच गोष्ट झाली.

दिवसकार्य उरकल्यावर देवळापुढं शोकसभा झाली. तेच पुढारी बोलायला उठले. दाजींच्या नावानं उद्यान करू म्हणाले, त्यात सिमेंटचे ससे, मोर आणि एक बिबट्या. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तेवढ्यात बायकांतून अक्का उभी राहिली.

"सायेब, शिमेटचा ससा नको. यंदाच्या तोडीत एक बाजू मोकळी ठिवायची, एवढं हितंच सांगून जावा."

"अक्का, दुःखाच्या प्रसंगी राजकारण नको," असं म्हणून ते हात जोडत गाडीत बसले. कुणीही काही बोललं नाही. मला त्या गप्प बसण्याचा जास्त राग आला. पुढारी निदान खोटं तरी बोलला होता.

गेल्या आठवड्यात अक्काच्या फडाची पाळी आली. टोळीचा मुकादम कुरकुरला, पण तिनं पूर्वेची बाजू पेटवू दिली नाही. काडी लावायच्या आधी तिनं आतल्या खोलीतून तेलाचा रिकामा डबा आणून माझ्या हातात दिला. दाजी दरवर्षी तो बडवत फडाच्या कडेनं फिरत, आतल्यांना जागं करायला म्हणून. मीही फिरलो. टोळी हसली. "पावणं, वरात कुणाची म्हणायची?" थोड्या वेळानं पूर्वेच्या बांधावरून एक रानमांजर निघालं, तोंडात पिल्लू धरून. मागं फिरलं, दुसरं घेऊन आलं. दोन्ही वेळा ते शेजारच्या उभ्या उसात शिरलं. अक्का पदर तोंडाला लावून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या त्याच फडाला काडी लागली, चारही बाजूंनी. आम्हाला धूर दिसला तेव्हाच कळलं. अक्का डबा घेऊन पळाली, मी तिच्या मागं. बांधावर पोचलो तेव्हा आत जायला वाट नव्हती आणि बाहेर यायलाही नव्हती. तरी ती डबा बडवत राहिली, पाला तडतडायचा थांबेपर्यंत.